पेंढ्याचं वासरू

कोंबड्यांना लस अंधार असतानाच टोचावी. उजाडलं की त्या हाताला लागत नाहीत. म्हणून गेल्या नोव्हेंबरात, सतरा तारखेला, सोमवारी भल्या पहाटे आबांनी सायकलला बर्फाचा डबा बांधला आणि मुकादमाच्या शेताकडे निघाले. आबा जनावरांच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. रिटायर झाले तरी लोकांना सुई त्यांच्याच हातची लागते.

एवढं सांगून आबा अंगणातल्या भाच्यांकडे बघत थांबले. वीज गेलेली, जेवणं झालेली. धाकट्यानं विचारलं, भूत कोंबडीचं होतं का? आबा म्हणाले, गप बस, नाहीतर पहिली सुई तुला. आणि गोष्ट पुढे सुरू झाली. ती खरी आदल्या रात्रीची.

मुकादम म्हणजे कुणी साहेब नव्हे. एक गाय, चाळीस कोंबड्या, हाताखाली माणूस एकही नाही. पण हुकूम सोडायची हौस दांडगी, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. त्याच्या हुकमाला घरात एकच बाई, त्याची बायको. तिला लोक मुकादमीण म्हणत. शेण तिनं काढायचं, खुराडं तिनं झाडायचं, अंडी तिनं गोळा करायची. मार तिनंच खायचा.

त्यांची गाय व्याली, गोऱ्हा झाला. तो एका रात्री दावं सोडवून सगळं दूध पिऊन बसला. मुकादमाचं डोकं फिरलं. फावड्याचे तीन घाव. चौथ्याची गरजच पडली नाही. मुकादमीण मधे पडली तर तिचा एक दात गेला.

आता वासरू नाही म्हटल्यावर गाय पान्हा सोडेना. मग त्यानंच त्या वासराचं कातडं सोललं, मीठ चोळलं, आत पेंढा भरून शिवलं आणि चार काठ्यांवर गाईपुढे उभं केलं. याला भोत म्हणतात. पुष्कळ लोक करतात. पण ज्यानं मारलं त्यानंच पेंढा भरायचा, हे आबांनी तेवढं एकदाच पाहिलं. गाय त्याला चाटायची आणि दूध द्यायची. मुकादमीण धार काढताना तिकडे बघायची नाही.

दहा दिवस बरे गेले. अकराव्या पहाटे कास रिकामी. बाराव्यालाही तेच. मुकादम म्हणाला, रात्री उठून तूच दूध काढतेस आणि भावाकडे पोचवतेस. तिनं शपथा घातल्या. त्यानं दाव्यानं पाठ फोडली.

रविवारी रात्री दहाला त्यानं तिला कोंबड्यांच्या खुराड्यात ढकललं. खुराडं माणूस वाकून उभा राहील एवढं, समोर जाळी, जाळीपलीकडे सात पावलांवर गोठा. बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

"सकाळी कास भरलेली निघाली, तर चोर तूच. मग हे फावडं आहे आणि तू आहेस."

"आणि रिकामी निघाली तर?"

त्यानं जाळीवर लाथ घातली आणि गोठ्यात जाऊन पोत्यावर बसला.

जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं, चोर यावा. कुणीही यावा. नाही आला तर उजाडताना आपण संपलो.

अकरा वाजले. बारा. अंधारात कोंबडीला दिसत नाही. उचलून पोत्यात घाला, हूं की चूं करत नाही. दोन वाजून गेले असतील. काठीवर बसलेल्या चाळीसच्या चाळीस कोंबड्या खाली उतरल्या. एकीनं पंख फडफडवला नाही. सगळ्या जाळीपाशी येऊन उभ्या राहिल्या. गोठ्याकडे तोंड करून.

मग आवाज आला.

चुप्... चुप्... चुप्...

तान्हं वासरू सडाला लागतं, तसा.

"कोण आहे रे?" मुकादम ओरडला. पुढे आवाज फावड्याचा. घाव पेंढ्यावर बसला. धप्प. परत धप्प. तिसरा घाव... ओला वाजला. ओल्या मांसावर वाजतो तसा.

आणि वासरू हंबरलं. बारीक. एकदाच.

नंतर काहीच नाही...

मग मुकादमाचा आवाज. असा आवाज तिनं बारा वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

"अगं... ये ना गं. लवकर ये."

ती दाराला भिडली. दार हललं नाही. किल्ली त्याच्याच खिशात होती.

तट्कन दावं तुटलं. भिंत दणाणली. तो ओरडला. भिंत परत दणाणली. हाड मोडल्याचा आवाज जाळीपर्यंत आला. परत. परत. ओरडणं थांबलं तरी परत.

शांत.

आणि मग... चुप्... चुप्... चुप्... सावकाश. पोट भरेपर्यंत.

कोंबड्या एकेक करून काठीवर जाऊन बसल्या.

आबा सायकलवरून उतरले तेव्हा नुसतं फटफटत होतं. खुराड्यातून बाईचा आवाज आला, कंपाउंडरभाऊ, आधी गोठ्यात बघा.

मुकादम भिंतीच्या बुडाशी. छाती पोत्यासारखी चपटी, उजवा बाहू मागच्या बाजूला वळलेला. गाय शेजारीच रवंथ करत उभी. एक शिंग बुडापर्यंत लाल. आबांनी त्याच्या खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. मुकादमीण आली, नवऱ्याकडे बघितलं. रडली नाही.

"कास?" तिनं विचारलं.

आबांनी वाकून चाचपली. "रिकामी."

ती भोताकडे वळली.

थोरला भाचा म्हणाला, आबा, गाईनं मारलं, यात भूत कुठलं? मारतातच गाई.

 आबा म्हणाले, मारतात. मीही पंचनाम्याला तेच सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. भोत फावड्यानं फाटलं होतं, पेंढा बाहेर आला होता, पण चारही काठ्यांवर उभं होतं. त्या शेतावर दुसरं वासरू नव्हतं. जवळपासही नव्हतं. मुकादमिणीनं भोताच्या मागे खाली बोट दाखवलं.

शेण पडलं होतं. पिवळं, मऊ, नुसत्या दुधावरच्या वासराचं असतं तसं.

तिनं बोट लावून पाहिलं. मग मी पाहिलं.

अजून गरम होतं.