गाळ गेला कुठं?

"मुकादम, हात पेटला माझा!"

ज्ञानूनं गटाराच्या चेंबरमधनं हात बाहेर उपसला. कोपरापर्यंत काळा गाळ. गुंडू मुकादमानं त्यावर बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं, गाळ निथळला, आणि खाली लालभडक सोललेली कातडी दिसली.

"कुठं घातलावतास हात?"

"डावीकडच्या पायपाच्या तोंडात. बोळा हाय का बघाय."

गुंडूची गटारात बावीस वर्षं गेली होती. माणसाची घाण बघून झाली होती, फुगलेली मांजरं, किड्यांनी वळवळणारी डुकरं बघून झाली होती. पण माणसाचं कातडं भाजणारं गटार तो पहिल्यांदाच बघत होता.

बुधवार होता, १९९८ सालचा सत्तावीस मे. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या, मागं एक बोळ आहे, दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मागं सरायचं. बोळाच्या चढावर आक्कांचं दुमजली घर. वरच्या मजल्यावर बंगाली कारागिरांचा सोन्याचा कारखाना, भाड्यानं. घराच्या भिंतीला लागून हे चेंबर. उताराला, वीस पावलांवर, निर्मलाअव्वाची खानावळ. ती जागाही आक्कांचीच.

चेंबर तुंबलं की घाण वर यायची आणि बोळातनं वाहत खानावळीच्या पायरीला लागायची. आजही लागली होती. हिरवट काळं पाणी, त्यावर साबणाचा फेस, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी केसांचे गुंतवळ. आत चार गिऱ्हाइकं पाय वर घेऊन भाकरी मोडत होती. माश्या गटारावरनं उठून थेट झुणक्यावर बसत होत्या. वास असा, की घशात उतरून तिथंच बसायचा.

वॉर्ड ऑफिसचे साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. हातात टाइप केलेला कागद.

"मुकादम, सही करा. खानावळीतल्या तेलकट सांडपाण्यानं गटार वारंवार तुंबतं. लायसन रद्द, कनेक्शन बंद."

"साहेब, चेंबर अजून उपसलंबी न्हाय. कारण आधीच कसं टाइप झालं?"

"मालकीणबाईंचा अर्ज आहे. पाच महिन्यांत पाचवा. आणि खानावळ म्हटलं की तेल आलंच. चार वाजेपर्यंत कागद ऑफिसात पाहिजे."

निर्मलाअव्वा दारात उभी होती. नेसरीकडची बाई, पन्नाशीची. नवरा रुद्राप्पा अंथरुणाला खिळलेला. ह्या खानावळीवर दोघं जगत होती.

"मुकादम, तुमच्या एका सहीनं माझी चूल इझणार बघा," ती म्हणाली.

गुंडूनं ज्ञानूला दवाखान्यात धाडलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः चेंबरमध्ये उतरला.

उतरल्यावर त्याचं डोकं चालायचं. गटार तुंबायची कारणं त्याला नाकानं कळत. तेल असेल तर पांढरा लोण्यासारखा थर पायपाच्या छताला धरतो. त्याला सोडा घालून कढत पाणी ओतायचं. केस असतील तर दोरखंड तयार होतो, तो कामटीनं ओढायचा आणि न्हाणीला जाळी बसवायची. चहाचा चोथा तळाला बसतो. पुड्या आणि कॅरीबॅगा वळणावर अडकतात. यातलं काहीच इथं नव्हतं.

चेंबरात वरनं दोन पाइप येत होते. उजवा कारखान्याचा. डावा आक्कांच्या न्हाणीचा. डाव्या पायपाचं सिमेंट तोंडाशी खाल्लेलं, भुसभुशीत, बोटानं खरवडलं तर पीठ पडत होतं. उजवा धडधाकट. आणि बाहेर जाणाऱ्या पायपात, खोल, बोळा.

गुंडूनं श्वास रोखला, खांद्यापर्यंत हात घातला आणि ओढला. गचकन आवाज होऊन सगळी घाण त्याच्या तोंडावर उडाली. पाणी घळाघळा निघून गेलं. साहेब आणखी चार पावलं मागं सरले.

हातात गोणपाट होतं. वाहून आलेलं गोणपाट लांबट होऊन जातं, त्याच्या चिंध्या होतात. हे मात्र डोक्यावरच्या चुंबळीसारखं गोल गुंडाळून, टोक आत खोचलेलं होतं.

त्यानं ते गुपचूप घमेल्याखाली सारलं.

"आटोपलं का रे?" वरनं आवाज आला.

आक्का ओट्यावर उभ्या होत्या. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या. नवरा सराफ होता. तो गेला, पेढी गेली, घर राहिलं. सोवळं इतकं कडक, की कचऱ्याच्या गाडीची घंटा ऐकली तरी चूळ भरायच्या.

"पाणी द्या की आक्का, तोंड धुतो."

"ओंजळ कर. लांबनं. शिवू नकोस काही."

तांब्यातनं पाण्याची धार पडली. गुंडूनं ओंजळीत झेलली. झेलताना त्याची नजर वर गेली. आक्कांच्या दोन्ही हातांत सोन्याच्या पाटल्या. आणि पिवळ्याधमक पाटल्यांवर मनगटाच्या बाजूला पांढरे चट्टे. कथलाचं पाणी दिल्यासारखे.

"गाळ भिंतीकडंला टाका," आक्का म्हणाल्या. "नेहमीसारखा. आणि त्या भाकरीवालीला घालवा एकदाची. किळस येते बाई मला तिची."

गुंडूनं तोंड पुसलं. 'नेहमीसारखा' हा शब्द डोक्यात राहिला.

उताराला जाऊन तो खानावळीच्या पायरीवर टेकला. निर्मलाअव्वानं बाहेरच्या फळीवरचा कप काढला. कान तुटलेला, कडा काळवंडलेला. गटारवाल्यांचा कप. बावीस वर्षांत गुंडूला प्रत्येक गल्लीत असा एक कप भेटला होता. त्यात तिनं चहा ओतला.

"अव्वा, खरकटं कुठं टाकता?"

"जाळीत गाळते. बादलीत साठवते, म्हशीवाला नेतो सांजच्याला. तेल सांडाय मी काय सावकार हाय व्हय?"

"तुमचं पाणी कुठल्या चेंबरात जातंय?"

तिनं बोट दाखवलं. खाली. खानावळीच्याही पुढचं दुसरं चेंबर. गुंडूनं उठून त्याची फरशी उचलली. पाणी झुळझुळ चाललेलं.

"रोज किती पानं हुत्यात?"

"तीस. कधी पस्तीस. रोज तेवढीच."

गुंडूनं खिशातनं चोकअपची, गटार कधी तुंबलं ते लिहायची, वही काढली. तीस जानेवारी. अठ्ठावीस फेब्रुवारी. तीस मार्च. अठ्ठावीस एप्रिल. आज सत्तावीस मे. रोज तीस पानं उठत असताना गटार मात्र महिन्यातनं एकदाच तुंबत होतं.

भिंतीवर कॅलेंडर होतं. गुंडू उंबऱ्याबाहेरनंच मान लांब करून बघत राहिला.

"अव्वा, जरा मागची पानं उलटा. अमावाश्या वाचा."

ती वाचत गेली. अठ्ठावीस जानेवारी. सव्वीस फेब्रुवारी. अठ्ठावीस मार्च. सव्वीस एप्रिल. पंचवीस मे.

प्रत्येक वेळी दोन दिवस आधी अमावास्या.

पाय वर घेऊन जेवणारा एकजण हसला. वरच्या कारखान्यातला निमाई. दहा वर्षं कोल्हापुरात, मराठी अजून मोडकीच.

"क्या मुकादम, भूत निकालता काय गटारातून?"

"निमाई, अमावाश्येला तुम्ही काय करता?"

"भट्टी बंद. शेठचा नियम. पूरा कारखाना धुतो. चटई, कपडा, अंग, सगळा."

"सोनं जात न्हाय त्यात?"

"झाडू मारतो, वो कचरा शेठ ठेवतो. पण अंगाला चिकटलेला, चटईत घुसलेला, वो तो जातोच थोडा."

"आणि सोनं साफ करायचं तेजाब, ॲसिड?"

"वो बरनीत. शेठ परत विकतो. एक थेंब नाय ओतत."

"अजून एक. सोन्याला पांढरा डाग पडतो का?"

निमाईचा घास हातातच राहिला. त्यानं गुंडूच्या कानाशी वाकून दोन शब्द सांगितले. मग वासानं तोंड फिरवलं.

साडेतीन वाजले होते. गुंडू चढ चढून गेला. चेंबरच्या तळातला गाळ त्यानं एकट्यानं उपसला, घमेल्यामागं घमेलं, भिंतीकडंला मोठा ढीग झाला. काळा, ओला, वळवळता. मग त्यानं वॉर्डाची हातगाडी ढिगाला लावली आणि गाळ गाडीत भरायला घेतला.

"अरे अरे!" आक्का ओट्यावरनं दोन पायऱ्या खाली आल्या. "कुठं नेतोस?"

"डेपोला."

"राहू दे. मी... गुलाबाला घालते. खत होतं चांगलं."

"गुलाब कुठं हाय आक्का?"

"मागं परसात."

गुंडूनं फावडं खाली ठेवलं. परसाचं दार उघडंच होतं. रस्त्यावरनं सगळं दिसत होतं: शहाबादी फरशी, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मातीचा चिमूटभर तुकडा नाही. तुळससुद्धा डब्यात.

"साहेब," गुंडू म्हणाला, "सही करतो. पण आधी ऐकाय लागंल."

बोळातली माणसं गोळा झाली होती. घाण बघायला माणूस नाक धरून येतो, पण येतोच.

"हे बघा." त्यानं घमेल्याखालचं गोणपाट वर धरलं. "चुंबळ हाय ही. पाण्यानं कधी चुंबळ वळल्याली बघितलीय? कुणीतरी हातानं कोंबली. खानावळीचं पाणी खालच्या चेंबरात जातंय, ते चढावर येऊन हे गटार तुंबवत न्हाय. मग कोंबली कुणी? आणि गटार तुंबवून कुणाला काय मिळतंय?"

"काय मिळणार? वास," साहेब म्हणाले.

"सोनं."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसा. मी पोरगा हुतो तवा गुजरीच्या गटारात झारेकरी बसायचे. सोनारांच्या दुकानापुढचा गाळ काठवटीत धुऊन सोन्याचा कण काढायचे. अजून काढत्यात. त्यांचा धंदा हाय, उजेडात करत्यात. इथं अमावाश्येला कारखाना धुतात. त्याच्या आदल्या दिवशी चुंबळ कोंबायची. पाणी थांबलं की जड सोनं तळाला बसतं. दोन दिवसांनी अर्ज करायचा. मग आम्ही यायचं, गळ्यापर्यंत घाणीत उतरायचं, आणि ह्यांच्या भिंतीला सोनं उपसून द्यायचं. फुकट!"

"कुणाच्या भिंतीला?" आक्का ओरडल्या. "तोंड सांभाळ!"

"पाच महिन्यांचा गाळ गेला कुठं आक्का? सबंध कोल्हापुरात आमचा ढीग आठ आठ दिवस पडून असतो. लोक शिव्या घालत्यात. ह्या बोळातनं एकबी तक्रार न्हाय. कारण सकाळी ढीगच नसतो. गटाराचा गाळ चोरीला जातोय, हे मला पाच महिने दिसलं न्हाय. मीबी आंधळाच. घाण गेली म्हणून खूश हुतो."

"मी सोवळ्यातली बाई! मी गाळाला हात लावीन?"

"हातच बोलत्यात तुमचे. निमाई, सांग."

निमाई पुढं आला. जरा भीत भीतच. आक्का त्याच्याही मालकीण होत्या.

"पारा. सोन्याला पारा लागला की सोना पांढरा होतो. गाळात पारा घालून मळतात, वो सोना पकडतो. मग तेजाबात टाकला की पारा जातो, सोना राहतो."

सगळ्यांच्या नजरा पाटल्यांवर गेल्या. आक्कांनी हात पदराखाली घेतले. उशीर झाला होता.

"ते तेजाब न्हाणीत ओतलं," गुंडू म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "पायपाचं तोंड खाल्लंय त्यानं, आणि माझ्या ज्ञानूचा हातबी. खानावळीतनं ताक येतंय साहेब, तेजाब न्हाय. पाटलीवरचे डाग तेवढे पदराखाली घेतले तुम्ही आक्का. पण कातडी सोलल्याली दिसली न्हाय. मला लांबनं पाणी ओतायचं सोवळं तेवढं आठवलं!"

"पुरावा काय?" साहेबांनी रुमालातनं विचारलं.

"मला ह्या घरात पाय ठेवाय मनाई हाय. तुम्हाला न्हाय. जावा. न्हाणीत काठवट असंल. आणि बाटली."

साहेब आत गेले. आक्कांनी अडवलं नाही. पायरीवर बसकण मारली, आणि पहिल्यांदाच, त्यांच्या नऊवारीचा काठ बोळातल्या घाणीत भिजला.

साहेब बाहेर आले तेव्हा रुमाल नाकाला नव्हता, ते विसरले होते. एका हातात लाकडी काठवट. तळाला काळा गाळ, अर्धवट धुतलेला. तोच गाळ, ज्यात लोकांच्या विष्ठेचे कण होते. दुसऱ्या हातात पाऱ्याची बाटली.

"देवघराच्या शेजारीच होतं," ते पुटपुटले. "तिथंच मळत होत्या."

गर्दीत कुणीतरी थुंकलं.

"नवरा गेल्यावर काय खायचं होतं मी?" आक्का म्हणाल्या. "बघत आले होते ह्यांच्या पेढीपुढं झारेकऱ्यांना. आणि त्या बाईची जागा मोकळी झाली तर कारखान्यालाच देता आली असती. त्यांची भट्टी वाढवायचीच आहे."

"सोनं वरच्या मजल्यावरनं गाळात यायचं, तेबी कमी पडाय लागलं, व्हय?" निर्मलाअव्वा म्हणाली. "आणि मी पाच महिनं, तुंबलं की, कढत पाणी घालून पायरी धुतली. माझ्याच चुलीची घाण म्हणून!"

साहेबांनी तो टाइप केलेला कागद दुमडला, खिशात घातला, पुन्हा काढला आणि फाडला. नवा पंचनामा हातानं लिहिला. पोलीस चौकीला निरोप गेला. गुंडूनं सही केली, सावकाश, आपल्या सगळ्या नावानिशी. मग ढिगाकडं बघून म्हणाला, "हे मी डेपोला नेणार. यातला कण कुणाला मिळायचा न्हाय."

परतताना तो खानावळीपाशी थांबला. हात धुतले. वास गेला नाही. तो दोन दिवस जातही नाही.

निर्मलाअव्वानं चहा केला. फळीकडं हात गेला, कान तुटलेल्या कपावर बोटं टेकली आणि तिथंच थांबली. मग तिनं तो कप उचलला आणि पायरीच्या दगडावर आपटला. तुकडे उडाले.

आतनं तिनं पितळी पेला आणला. स्वतःचा.

"आत या मुकादम. बाकावर बसा."

गुंडू उंबऱ्याशी उभा राहिला. आत कॅलेंडर लटकत होतं. मघाशी बाहेरनं मान लांब करून बघितलेलं.

"आज अंगाला वास हाय अव्वा. गिऱ्हाइकं उठतील. उद्या आंघोळ करून येतो. ज्ञानूलाबी आणतो. मधल्या बाकावर बसणार, आणि पैसे देऊन जेवणार."

"व्हय. या."

ती खराटा घेऊन तुकडे गोळा करायला लागली. खराट्याची दिशा बघून गुंडू चटकन वळला.

"ओ अव्वा! गटारात लोटू नका ते. पुढच्या महिन्यात मलाच हात घालून काढाय लागतील."