बर्फातलं बेअरिंग

श्रीवर्धनच्या बाजारात स्पेअरपार्टच्या दुकानात एक मुलगा बेअरिंग कानाशी धरून बोटाने फिरवत होता. डोळे मिटलेले. मला हसू आवरेना.

"काय म्हणतंय पलीकडून?"

त्याने डोळे उघडले. "म्हनतंय, मला घेऊ नका. ऐका ना—" आणि सरळ माझ्या कानाशी नेलं. बारीक खरखर होती खरी. की माझंच काहीतरी धडधडत होतं… कोण जाणे.

तो हितेश. कोळीवाड्यातला, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. मी क्रांती. न्हावा शेवाच्या बंदरात क्रेनची देखभाल करायचे, आणि सुट्टीला घरी आले की जुन्या मोटारसायकलची डर्ट बाइक बांधायचे. पालीजवळ चिखलातली शर्यत होती, तिथे मला धावायचं होतं. त्यानंतर माझी गुजरातच्या बंदरात बदली होती. हे वर्ष चुकलं की चुकलंच.

पावसाळ्याची मासेमारीबंदी होती, म्हणून त्याला वेळ होता. दर सुट्टीला तो आमच्या पडवीत हजर. चेन, ब्रेक, स्पोक… एकेक पार्ट आम्ही भांडून निवडला. मला हलका हवा असायचा, त्याला गंज न धरणारा.

"खारं पानी कुनाला सोडत नाय," तो म्हणायचा. "लोखंडाला नाय, कोळ्याच्या पोराला पन नाय."

"कोळ्याचं पोर फारच बोलतं."

"ऐकनारी हाय म्हनून."

राहिली होती मागच्या चाकाची बेअरिंगं. शर्यतीच्या आठवड्यात ती आली. खोका झकास, नाव मोठं. मी अक्षरांवरून नख फिरवलं, तर शाई पुसटली. आम्ही एकमेकांकडे बघितलं. डुप्लिकेट! खरी मिळणार होती ती शर्यतीनंतर.

"एका शर्यतीपुरती टिकतील," मी म्हटलं.

"टिकतील. आनि नाय टिकली तर?"

"गाडी माझी आहे, हितेश. हाडंही माझीच."

त्याने खोका माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "व्हय. बसव तू. पन मग तुझ्या मागं मी बसनार."

"डर्ट बाइकला मागे सीट नसते!"

"म्हाईत हाय. मडगार्डवर बसन."

तो हसत नव्हता. पागोळ्या गळत होत्या आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. घरचे, विशेषतः वडील, आप्पा, म्हणायचे, चालवू नकोस. मैत्रिणी म्हणायच्या, बिनधास्त जा. तू जा, पण चाक धड हवं— असं म्हणणारा हा एकटाच होता.

मी खोका बंद केला.

रविवारी शर्यत झाली. आम्ही दोघं बांधावर उभं राहून ती पाहिली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्याने समजूत घातली नाही, नुसता खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

खरी बेअरिंगं आली तेव्हा मासेमारीबंदी उठली होती; ती त्याने घरी पिशवीत बांधून माशांच्या बर्फात ठेवली. थंडीने आकसली की नीट बसतात. त्याची आई, बायजा, पेटी उघडून ओरडली, "म्हावऱ्यात ह्ये काय घातलंस रं?"

त्यांच्याच चुलीशी तापवलेल्या, चाकाच्या मधल्या हबमध्ये गार बेअरिंग टेकवलं, आणि ते आपसूक आत गेलं. ठोकावं लागलं नाही. चाक फिरवलं तर आवाजच नाही.

"क्रांती… गुजरातला गेलीस की ह्ये चाक कोन बघनार?"

"चाकच?"

त्याने मान खाली घातली. "चालवनारी पन. होड्या तिकडं बी हायत. मी येईन… पन तुझ्या घरी कोळ्याचं पोर चालंल?"

"आप्पांना विचारलंय मी."

तो दचकला. "काय म्हनले?"

"म्हणाले, मुलगा कसा आहे? मी म्हटलं, त्याच्यापायी मी शर्यत सोडली." मला हसू फुटलं. "म्हणाले, तुला थांबवणारा माणूस मला एकदा बघू दे. उद्या जेवायला बोलाव त्याला."

हितेश ताडकन उठला. हात पुसत बाहेर गेला. मग अंगणातूनच हाक मारली, "आये, माझा पांढरा सदरा कुठं हाय?"