लायब्ररी सापडत नाही

"द्राक्षं तिकडे टेबलाखाली ठेवा, दादा," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

क्रेट ठेवल्याचा आवाज आला. पण दादा काही हलेनात.

"ठेवली. आता कॉम्प्युटर दाखवता का? मी निवृत्ती. सी प्रोग्रामिंगसाठी सरांनी बोलावलंय. आणि... दादा नका म्हणू."

मी वर पाहिलं. निफाडहून मोटरसायकलवर आल्यामुळे केस धुळीने पिंगट झालेले, आणि डोळ्यांत हसू. येताना चाचणीसाठी घरच्या मळ्यातली द्राक्षं आण, असं सरांनी त्यालाच सांगितलं होतं. हे मला कुणी सांगायचं?

ही २००४ सालची गोष्ट. सातपूरला आमच्या सरांचा छोटा कारखाना द्राक्षं वजनानुसार वेगळी करणारं मशीन बनवायचा. त्याचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहायचे. भाषा सोपी, पण वजनकाट्याशी तिला थेट बोलता येत नसे. काट्यासोबत मिळालेली लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाईल, होती सी भाषेतली. या दोघींमधला दुभाषा म्हणजे एक मॉड्यूल, आणि ते निवृत्तीने लिहिलं. त्याच्या कॉम्प्युटरवर ते झकास चालायचं.

आमच्याकडे मात्र प्रत्येक नव्या मशीनवर एकच रड — लायब्ररी सापडत नाही. मग फोन निफाडला. निवृत्ती यायचा, लायब्ररी योग्य जागी ठेवायचा, पाच मिनिटांत काम फत्ते. पुढचा तासभर चहा.

"तुमच्या पायथनचे लय नखरे," तो म्हणायचा.

"तुमच्या सीलाच शिस्त नाही."

"शिस्त हाय. फक्त... ओळखीच्या माणसालाच दाखवते."

द्राक्षांचा हंगाम सरत आला, कामाची घाई ओसरली, आणि मी सीच्या कोडपासून मॉड्यूल बनवणाऱ्या कम्पायलरचं मॅन्युअल उघडून बसले. त्यात सरळ लिहिलं होतं, लायब्ररी मॉड्यूलच्या आतच जोडून टाकता येते. मग ती शोधायची भानगडच नको. मी खटपट केली. आधी एररची रांग लागली, कारण जोडताना फाईलींचा क्रम चुकत होता. तो बदलला आणि मॉड्यूल तयार! कोऱ्या कॉम्प्युटरवर टाकलं, तर पहिल्या फटक्यात चाललं.

सर खूश. "वा, सुवर्णा! आता निवृत्तीला बोलवायला नको."

माझं तोंडच पडलं. कौतुक ऐकून रडू येणारी मीच. तो यायचा थांबला तर मला चालणार नव्हतं... हे त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि हा पोरगा स्वतःहून काही बोलेल, अशी लक्षणं नव्हती.

सोमवारी मी जुनं मॉड्यूल परत लावलं, लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवली आणि फोन केला. "सापडत नाहीये."

तासाभरात तो हजर. दोन कमांड दिल्या आणि थांबला.

"लायब्ररी आज सकाळी हलवलीय कुणीतरी."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि हे दुसरं मॉड्यूल... आकारानं मोठं हाय. लायब्ररी आतच जोडलीय. कुणी केलं?"

"मी."

"चालतं?"

"व्यवस्थित."

"मग मला कशाला बोलावलं?"

"चालतं म्हणूनच." माझे कान तापले, पण मी थांबले नाही. "ते लावलं की तुम्ही येणार नाही. आणि मला तुम्ही यायला हवे आहात."

तो कीबोर्डकडे बघत हळूच म्हणाला, "लायब्ररी आत जोडता येते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग जोडली का नाही?"

"जोडली असती, तर फोन कुणी केला असता?"

मला राग यायला हवा होता. इतके दिवस मी बिचाऱ्या सीला बोल लावत होते! पण आम्ही दोघंही एकाच माळेचे मणी. कोण कुणाला बोलणार?

त्याने माझं मॉड्यूल लावलं आणि जुनं पुसून टाकलं.

"मशीनसाठी मला यायची गरज नाय आता," तो उठत म्हणाला. "रविवारी आईला घेऊन नाशिक रोडला येतो, तुमच्या घरी. येऊ ना?"

"या. द्राक्षं घेऊन या."

दारापाशी जाऊन तो वळला.

"दादा नाही ना म्हणणार?"

"छे," मी म्हणाले. "अहो म्हणेन."