तपकिरी की लाल?

चंद्रावरच्या वसाहतीत रोपांना पाणी घालणारा ढब्बू नावाचा यंत्रमानव त्या सकाळी सरळ टोमॅटोच्या वाफ्यातच शिरला. वाट उजळणारा त्याचा दिव्याचा डोळा जळला होता. कालच बसवलेला डोळा जळलाच कसा, हे कोणाला कळेना. ढब्बूला चार्जिंगला लावलं होतं मैथिलीने, म्हणून सगळे तिलाच बोलले. ती रडवेली झाली.

शेजारी उभा असलेला सौमित्र मान खाली घालून गप्प राहिला. डोळा त्याने बसवला होता.

दुपारी तो ताट तसंच ठेवून उठला. वसाहतीतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या आपल्या आजोबांकडे जाऊन त्याने कसंबसं सगळं सांगितलं. आजोबांनी ढब्बूच्या डोळ्यामागचा, सौमित्रनेच बसवलेला रेझिस्टर (विजेचा प्रवाह आवरून धरणारा इवलासा भाग) काढला आणि त्यावरचे पट्टे वाचायला सांगितले.

काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, हे सौमित्रला पाठ होतं. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात. तिसरा सांगतो, पुढे किती शून्यं द्यायची. तो म्हणाला, "तपकिरी, काळा, लाल. दहावर दोन शून्यं. एक हजार ओहम." (ओहम हे विरोध मोजायचं एकक.)

"तिसराही तपकिरीच आहे, सौमित्र. हा शंभरचा आहे."

हवा होता हजारचा. विरोध दहापट कमी, म्हणून प्रवाह दहापट जास्त. डोळा जळणारच.

सौमित्रचे कान तापले. चित्रं रंगवताना तो नेहमी शेजारच्याचं चोरून पाहायचा. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत," तो पुटपुटला.

आजोबांनी रेझिस्टर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "याला रंगांधत्व म्हणतात. ती तुझी चूक नाही. मैथिली बोलणी खात असताना गप्प बसलास, ती मात्र तुझीच."



आजोबांनी त्याच्या हातात विरोध मोजणारा मीटर दिला. रंग फसवतील तिथे मोजून घ्यायचं. शिल्लक राहिलेला एकच डोळा वेगळ्या जातीचा होता. त्याला पाचशे ओहम हवे होते. पाचशेचा रेझिस्टर सहसा बनतच नाही. जवळचे, चारशे सत्तर आणि पाचशे दहाचे, संपले होते. हजारचे मात्र डबाभर होते.

एकापुढे एक (एकसर) जोडले तर विरोधांची बेरीज होते. सौमित्रने विचार केला आणि हजारचे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी (समांतर) जोडले. विजेला दोन वाटा मिळाल्या, विरोध निम्म्यावर आला. मीटरवर चारशे शहाण्णव दिसले. सोनेरी चौथा पट्टा शंभरात पाचांची चूकभूल धरतोच, तेव्हा एवढं चालणार होतं.

ढब्बूचा डोळा उजळला. त्याला घेऊन सौमित्र वाफ्याकडे गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळा माझ्यामुळे जळला. मला तपकिरी आणि लाल वेगळे दिसत नाहीत, आता मीटरने मोजून बसवलाय. मैथिलीने काहीच केलं नव्हतं."

मैथिली मोडलेली रोपं उभी करत होती. तिने वर पाहिलं नाही. सौमित्र तिच्या समोर बसून माती सारखी करू लागला. आणि दोन ओळी झाल्यावर, बऱ्याच वेळाने, ती म्हणाली, "बोलणारा मीटर करता येईल का रे? आकडा मोठ्याने सांगणारा?"

"करून बघू," सौमित्र म्हणाला.