दुसरी सही

गोव्यात पेडण्याच्या कातळी सड्यावर शीतनिद्रा केंद्र आहे. तिथल्या एका टेबलाभोवती त्या सकाळी तिघं बसली होती : केंद्रप्रमुख डॉ. शर्वाणी केंकरे, विवाह नोंदणी अधिकारी तळावलीकर आणि सावंतवाडीहून आलेल्या सत्तावन्न वर्षांच्या तन्वी मांद्रेकर. काचेपलीकडच्या कक्षात तन्वीबाईंचा नवरा निनाद बावीस वर्षं झोपला होता.

"औषध आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या रक्ताचा आजार आता महिन्याभरात बरा होईल. पण जागं करण्यात जोखीम असते, म्हणून कायद्याने सही लागते. बायकोची, नाहीतर रक्ताच्या नातेवाइकाची."

झोपवताना ती सही निनादच्या आईने केली होती. आई आता नव्हती, निनादचं दुसरं कोणी नव्हतंच. तन्वीबाईंनी पेन उघडलं.

"द्या कागद."

तळावलीकर खाकरले. वाईट बातमी सांगणं हे त्यांच्या खात्याचं निम्मं काम होतं, तरी त्यांना ते अजून जमत नव्हतं.

"ताई, लग्नावर कायदा केंद्र सरकारही करतं, राज्यही करतं. आणि दोन्ही जुळत नाहीत. केंद्राच्या कायद्याने तुमचं सावंतवाडीचं लग्न खरं, सप्तपदीसकट. पण जोडीदार सात वर्षं शीतनिद्रेत राहिला की तोच कायदा लग्न संपवतो. मागे राहिलेल्याला मोकळं होता यावं म्हणून."

"मी कुठे मागितली होती मोकळीक?"

"मागावी लागत नाही. आपोआप मिळते."

"आणि गोव्याचा कायदा?"

"तो झोपलेल्याचं लग्न मोडत नाही. देहकाल मानतो."

"शीतनिद्रेत देह वर्षाला एकच दिवस जगतो," डॉक्टरांनी समजावलं. "आपली बावीस वर्षं, त्यांचे बावीस दिवस. नखंसुद्धा तेवढीच वाढलीत."

"मग झालं तर!"

"नाही ना झालं," तळावलीकर म्हणाले. "गोव्यात लग्न दोन सह्यांचं. पहिली सही इराद्याची. मग पंधरा दिवस नोटीस लागते, आणि त्यानंतर दुसरी सही. दुसरीशिवाय लग्नच नाही. दप्तरात तुमची पहिली सापडली, दुसरी नाही."

म्हणजे केंद्र सरकारच्या लेखी त्या बायको होत्या, पण आता नव्हत्या. राज्याच्या लेखी त्या आजही असत्या, पण कधी झाल्याच नव्हत्या. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

तन्वीबाईंना दुसऱ्या सहीचा तो दिवस आठवला. निनादला वाटलं, तन्वी लक्षात ठेवेल. तन्वीला वाटलं, गोव्याचा कायदा गोव्याच्या माणसाला ठाऊक. त्या दिवशी दोघं रेडीला जाऊन मासे जेवली आणि संध्याकाळी आठवण झाली तेव्हा पोट धरून हसली. "मंगलाष्टकं झाली ना गो, सही कुठे पळून जाते?" निनाद म्हणाला होता. मग त्याला ताप आला, आणि पहिल्या सहीच्या पन्नासाव्या दिवशी तो या कक्षात गेला. पुढे त्याची आई मरेपर्यंत सांगत राहिली, "केंद्राच्या कायद्याने सोडवलंय ना तुला, कर दुसरं." "मी मागितलं तर ना!" म्हणत दर वेळी तन्वी भांडली होती.

तळावलीकर एकाएकी सरसावले. "थांबा! पहिली सही नव्वद दिवस चालते. त्यांचे पन्नास आणि बावीस, बहात्तरच झाले. सही जिवंत आहे! डॉक्टर, अर्धजागृती देता येईल?"

"पाच मिनिटं. तेवढ्याला सही लागत नाही, पण त्याहून जास्त नाही."

"पुरे. आधी सही केलेल्या गोष्टीला 'हो' म्हणण्यापुरती ती कायद्याला चालते."

तन्वीबाईंनी उगाचच केस सारखे केले. तिकडे निनाद चौतीस वर्षांचाच होता. तळावलीकर भराभर अर्ज भरू लागले. वराचा देहकाल, बहात्तर दिवस. वधूचा देहकाल. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"ताई, तुम्ही जाग्या होतात."

"मग?"

"तुमची बावीस वर्षं ही बावीस वर्षंच. तुमची सही केव्हाच मेली."

तन्वीबाई वाट पाहत राहिल्या होत्या, आणि तेवढ्यानेच बाद झाल्या होत्या.

"नवीन करते," अखेर त्या म्हणाल्या. "आत्ता."

"करा. पण नोटीस पुन्हा लागेल. दोघांच्या नावाने, दोघांच्या देहकालात. पंधरा दिवस." तळावलीकरांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांचे पंधरा दिवस."

"पंधरा वर्षं," डॉक्टर पुटपुटल्या.

"त्यांची सही तेव्हा सत्त्याऐंशी दिवसांची असेल. टिकेल. तुमची मात्र दर नव्वद दिवसांच्या आत नवी करत राहा, म्हणजे नोटीस तुटणार नाही. कोर्टात जाऊ शकता, पण केंद्र आणि राज्याचा याच कलमावरचा खटला अकरा वर्षं पडून आहे."

डॉक्टरांनी तन्वीबाईंचा हात धरला. "तुम्हीही झोपा. नियमात बसवते मी. पंधरा दिवसांत इथेच उठाल, सत्तावन्नच्याच."

"मला उठवायला सही कोण करणार? माझंही कोणी उरलं नाही."

डॉक्टरांनी हात सोडला.

तन्वीबाईंनी इराद्याच्या अर्जावर सावकाश सही केली, मग काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आपण बहात्तरच्या होऊ तेव्हा हा आपल्याला ओळखेल का, या विचाराने त्यांना रडू फुटलं. डोळे पुसून त्या वळल्या.

"दुसऱ्या सहीची तारीख कागदावर लिहून द्या, तळावलीकर. मोठ्या अक्षरात. मागच्या खेपेला आम्ही एकमेकांवर सोडलं होतं."