सत्तेचाळीस अंशांचं छत

छायापूरचं छत पुन्हा कडाडलं. वैजयंती निमगडेच्या पडद्यावर मात्र तेच छत हिरवंगार, म्हणजे सुखरूप, दिसत होतं.

बाहेर चोपन्न अंश तापमान होतं, आणि गावभर पसरलेल्या पोलादी छताखाली चोवीस. छताच्या फासळ्यांतून गार पाणी फिरायचं आणि गावाची उष्णता ओढून न्यायचं. या छताची संगणकात हुबेहूब नक्कल होती. तिला सगळे ‘जुळं’ म्हणत. खऱ्या छतावर चढून बघायची कुणाला गरज वाटत नसे. जुळं सांगेल ते खरं, असा कायदाच होता. पाण्याच्या झडपाही जुळंच फिरवायचं. आज छताचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला छत सोळा अंशांवर आणायचं होतं. जुळ्याने मान डोलावली होती.

वैजयंतीने आकडे उसवून पाहिले आणि तिचं डोकंच फिरलं.

तिचा थोरला भाऊ प्रल्हाद तिच्या कामाच्या खोलीतच बाकावर पडला होता. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. मे महिन्यातल्या एका वरातीत जाड कोटासकट उन्हात कोसळला, आणि तेव्हापासून त्याला घाम येणं बंद झालं. तापमान पस्तिसाच्या वर गेलं की त्याचं अंग भट्टीसारखं तापायचं.

“काऊन गं, कोणाले शिव्या देऊन राहिली?” त्याने विचारलं.

तिने समजावलं. पोलाद गार झालं की आक्रसतं. टोकं खडकात रोवलेली असली की आक्रसायला जागा नसते, मग ते ताणलं जातं. किती ताणलं हे काढायचं तर जोडलं तेव्हा ते किती गरम होतं, हे जुळ्याला आधी सांगावं लागतं. त्या तापमानाला ताण शून्य असतो.

“मग काय सांगितलं?”

“काहीच नाही. जागा रिकामी सोडली शहाण्यांनी. प्रोग्रामने आपला बावीस धरला. लिहिणाऱ्याच्या एसी खोलीतलं असेल.”

प्रल्हाद खो खो हसला. शेवटची फासळी जोडली तेव्हा तो तिथे वाजवत होता. जोडारी पहाटेची वेळ मागत होते, पण उद्घाटनाच्या पाहुण्यांचा मुहूर्त भर दुपारचा निघाला. हळदकुंकू लावताना पाहुण्यांच्या बोटाला चटका बसला होता. फासळीतल्या तापमापकाच्या नोंदीत ती दुपार अजून होती: सत्तेचाळीस.

म्हणजे सोळावर जुळ्याला सहा अंशांचा ताण दिसत होता. खरा होता एकतीस अंशांचा.

तिने मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. हिरवं दिसतंय ना, मग उगाच काड्या करू नका, असं त्यांनी ऐकवलं. तेवढ्यात वरून एक बोल्ट सुटून भाजीबाजारात पडला.

“खरा आकडा टाकला तं?” प्रल्हादने विचारलं.

“जुळं पाणी तोडेल. फासळ्या चाळिसापर्यंत तापू देईल. छत टिकेल, गाव घामाघूम होऊन जगेल.”

“घाम येणारे जगतील म्हण.”

तिचं बोट कळीवर अडलं.

“टाक,” तो म्हणाला. “समद्यायच्या डोक्यावर पाडते काय?”

तिने टाकला. झडपा मिटल्या. छताचं कडाडणं हळूहळू थांबलं.

दुपारपर्यंत दाराशी गर्दी जमली. पुढे अध्यक्ष होते, शर्ट अंगाला चिकटलेला. जुना आकडा परत घाला, लोकांना सोसत नाही, असं ते हात जोडून सांगत होते. बावीस घातला की जुळं पुन्हा हिरवं होऊन गार पाणी सोडणार होतं, हे गर्दीलाही ठाऊक होतं. वैजयंतीने मुहूर्ताची दुपार सांगितली. तिथे हजर असलेला माणूस आत आहे, त्यालाच विचारा, म्हणाली.

प्रल्हादचं अंग भट्टीसारखं तापलं होतं; त्यावर टाकलेलं ओलं फडकं कधीच वाळलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“बावीसच होतं,” तो म्हणाला. “मस्त गार हवा होती त्या दिवशी.”