हिरव्या पाकिटाची मुदत

पहिलाच कुरकुरा तोंडात टाकला आणि पेइ-लानला वाटलं, देव आहे!

सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. शिंचूच्या तंत्रविद्यालयात तत्त्वज्ञान आणि चित्रकला हे दोन्ही विषय ती एकटीच शिकवायची. दोन्हींना मिळून एक शिक्षिका पुरते, असं वरच्या मंडळींचं मत होतं. जेवणाच्या सुट्टीत एक पोरगा "बाई, माणूस गेल्यावर त्याच्या मोबाइलमधले फोटो कुणाचे?" असा प्रश्न घेऊन आला आणि सुट्टी त्यातच संपली. वर्गात येऊन बघते तर खिडकीखाली एक राखाडी खोकं, आणि त्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवंगार पाकीट. कुणीतरी डबा आणून ठेवलाय, वर खाऊसुद्धा! किती गुणाची पोरं, असं म्हणत तिनं पाकीट फोडलं.

अर्धं संपलं तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं.

"अहो! अहो बाई, काय करताय काय हे!"

दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. वाऱ्यानं विस्कटलेले केस, गळ्यात ओळखपत्र, हातात वायरींचं भेंडोळं. चेहरा असा, की जणू तिनं देवळातला नैवेद्य उष्टा केलाय.

आणि खरं सांगायचं तर केलं होतं तसंच! ते खोकं डब्याचं नव्हतंच मुळी, ते यंत्र होतं. आणि यंत्रावरचं हिरवं पाकीट खायचं नसतं, हे तैवानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. दवाखाना असो, बँक असो, रेल्वे असो... जे यंत्र बिघडून चालणार नाही, त्यावर ते पाकीट ठेवायचं. हिरवंच हवं. पिवळं नको, लाल तर नकोच नको. मुदत संपायच्या आत बदलायचं. आणि आभाळ कोसळलं तरी खायचं नाही.

नेमका तेव्हाच खोक्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला... आणि लाल झाला.

"पडलं बंद," तरुण कळवळून म्हणाला.

"मी खाल्लं म्हणून?" पेइ-लाननं हातातला कुरकुरा पाठीमागे लपवला.

"छे, तसं कसं असेल?"

"मग माझ्याकडे असं काय बघताय?"

"इतका वेळ चालू होतं हो ते!"

"म्हणजे तुमचा या पाकिटावर विश्वास आहे?"

"मी इंजिनिअर आहे बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही."

"मग ठेवता कशाला?"

त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. "ठेवायला काय जातंय?"

पेइ-लान खळखळून हसली. "अहो, माझा महिनाभराचा धडा तुम्ही तीन शब्दांत उरकलात! बसा. घ्या एक."

"नको, नको!"

"आता लाल व्हायचं ते झालंच आहे. घ्या."

त्यानं चोरासारखं इकडेतिकडे बघत एक कुरकुरा तोंडात टाकला. मग दुसरा. "नारळाची चव आहे की याला," तो नवलानं म्हणाला. "इतकी वर्षं यंत्रांवर ठेवतोय, चव आज कळली."

त्याचं नाव फंग शाओ-ची. खोक्याची वायर निसटली होती, बाकी काही नाही. ती नीट बसवता बसवता तो मोकळेपणानं सांगत होता. विद्यालयात एक नवं यंत्र येणार आहे, केसाहून बारीक रेघा तपासणारं. रस्त्यावरून मालट्रक गेला तरी ते थरथरतं, म्हणून या खोक्यानं थरथर मोजून सगळ्यात शांत खोली शोधायचीय. सगळ्यांचा डोळा या खोलीवर आहे.

"आणि इथला वर्ग?" पेइ-लाननं विचारलं.

"तो बंद करणारेत म्हणे. सहाच तर पोरं असतात. कुणीतरी तत्त्वज्ञान वगैरे शिकवतं इथे..." बोलता बोलता तो थबकला. फळ्यावरचं अक्षर बघितलं, तिच्या बोटांना लागलेला खडू बघितला. "तुम्हीच का?"

"मीच ती वगैरे," पेइ-लान म्हणाली आणि उरलेलं पाकीट तिनं खणात टाकलं.

*

वर्ग गेला तर पेइ-लानची नोकरी गेली, हे सरळ होतं. मग ताइनानला परत जायचं, ताईच्या चपलांच्या दुकानात. "तत्त्वज्ञान शिकून शेवटी चपलाच विकणार तू," असं ताई पहिल्यापासून म्हणायची. ताईचं भाकीत खरं ठरू देणं पेइ-लानच्या जिवावर आलं होतं. आणि त्याहून जिवावर आलं होतं त्या सहा पोरांना सोडणं.

वर्षअखेरच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. शिंचूचा ईशान्येचा वारा ऐन भरात आला होता, आणि त्या वाऱ्यात खोली किती हलते ते मोजायचं म्हणून शाओ-ची दर वर्गाला येऊन बसणार होता.

"बसा की," पेइ-लान म्हणाली. "पण फुकट नाही बसायचं. इथे बसणाऱ्यानं चित्र काढायचं."

"मला येत नाही हो."

"मला तरी कुठे यंत्र मोडता येत होतं? जमलं ना?"

त्या दिवशी तिनं टेबलावर एक अमरफळ ठेवलं. केशरी, तुकतुकीत, टोमॅटोएवढं. "तासभर हेच बघायचं आणि हेच काढायचं. मोबाइल पिशवीत."

"बाई," वेइ-थिंग म्हणाली. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आळशी मुलगी ती. "यंत्राला सांगितलं तर दोन सेकंदांत काढून देईल."

"देऊ दे. मग फळ बघितलं कुणी?"

"यंत्रानं."

"मग खायलाही त्यालाच दे."

पोरं खिदळली आणि मग हळूहळू गप्प झाली. बाहेर वारा नुसता घोंघावत होता. पेइ-लान बाकांमधून फिरत फिरत शेवटी शाओ-चीच्या मागे येऊन उभी राहिली. फळ वाकडंतिकडं आलं होतं, पण देठाशी... देठाशी चार पानं त्यानं इतक्या मायेनं काढली होती, की ती बघतच राहिली.

"आमचं घर शिनपूला," तो मान वर न करता म्हणाला. "अमरफळं वाळवायचा धंदा आहे आमचा. लहानपणापासून ढिगांत वाढलो मी यांच्या. आणि देठाला चार पानं असतात हे मला आज दिसलं."

"लहानपणी चित्रं काढायचात?"

"काढायचो. बाबा म्हणाले, चित्रांनी पोट भरतं का? मग सोडलं." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "भरतं का हो, बाई?"

"नाही भरत," पेइ-लान खरं तेच बोलली. "पण पोट भरल्यावर काय करायचं, हे आपल्या गावात कुणी विचारतच नाही."

त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. खडू हातात असूनही पेइ-लान खडू शोधायला गेली.

*

पुढच्या रविवारी तो तिला शिनपूला घेऊन गेला. "चित्रासाठी," असं त्यानं सांगितलं. "चित्रासाठीच," तिनंही मान डोलावली.

अंगणभर बांबूच्या मोठमोठ्या चाळण्या, त्यांवर सोललेली केशरी फळं, आणि डोंगरावरून सुटलेला कोरडा वारा. मोठी टोपी घातलेली त्याची आई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हीच का ती, कुरकुरे खाणारी?"

"आई!"

"आई काय? हल्ली जेवायला बसलं की हिचंच पुराण. आज बाई असं म्हणाल्या, आज बाई तसं म्हणाल्या. भात गार होतो ह्याचा." मग पेइ-लानकडे वळून ती म्हणाली, "हात धुऊन ये, पोरी. पाहुणचार नंतर, आधी काम."

अर्धवट वाळलेली फळं एकेक करून हातानं दाबायची होती. पेइ-लानचं पहिलंच फळ फाटलं.

"हळू," शाओ-ची म्हणाला. "जोरात दाबलं तर फाटतं. घाबरत दाबलं तर आतून ओलं राहतं." आणि त्यानं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. फळ उन्हानं कोमट झालं होतं. त्याची बोटं त्याहून उबदार. पेइ-लानला भूक लागल्यासारखं वाटलं, पण ती भूक नव्हती.

"तुमचं ते खोकं..." ती खाली बघत म्हणाली. "आमची खोली थोडीशी हलते, असं नाही का सांगणार ते?"

थट्टेनं म्हणायचं होतं तिला. पण आवाजानं दगा दिला.

तो हसला नाही. "सांगेल," तो हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर सांगेल."

पेइ-लानच्या जिवात जीव आला. आणि लगेच लाजही वाटली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. खोटं बोलून वाचवलेल्या खोलीत पोरांना काय शिकवणार आपण? आणि हा माणूस... आपल्यासाठी खोटं बोलायला लावलं तर उद्या याच्या डोळ्यांत कसं बघणार?

दुसऱ्या दिवशी तो दिसताच तिनं सांगून टाकलं. "काल मी जे बोलले ते विसरा. आकडा येईल तोच सांगा."

"वर्ग जाईल, बाई. खोली खरंच शांत आहे."

"जाऊ दे."

"आणि तुम्ही?"

"चपला विकीन. लोकांच्या पायांशी बसून जगाचा विचार करीन!"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही... पण वर्गाची घंटा झाली.

*

बैठकीत संचालक फान मॅडम अध्यक्षस्थानी होत्या. पांढरे केस, तुटक बोलणं, सगळा जन्म यंत्रांत गेलेला. पेइ-लान भिंतीकडेच्या खुर्चीत हात घट्ट धरून बसली होती.

"सगळ्यात शांत खोली तीच आहे," शाओ-ची उभा राहून म्हणाला. "शंका नाही."

"ठरलं मग," मॅडम म्हणाल्या. "यंत्र तिथे. तो वर्ग बंद. पुढचा विषय."

पेइ-लाननं पिशवी उचलली. झालं... संपलं!

पण शाओ-ची खाली बसला नाही. त्यानं पिशवीतून एक हिरवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, एक विचारू? नवं यंत्र आलं की त्यावर पहिल्या दिवशी काय ठेवाल?"

"हे काय विचारणं झालं? हेच."

"आणि नाही ठेवलं तर?"

"वेड लागलंय का तुला!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"इथे कुणी आहे का, जो हे न ठेवता बटण दाबेल?" त्यानं सगळ्यांकडे बघितलं. कुणी चहाचा घोट घेतला, कुणी चष्मा पुसला. हात एकाचाही वर गेला नाही. "मीही दाबणार नाही. एवढे शिकलेसवरलेले आपण, केसाहून बारीक रेघ मोजतो. आणि तरी मनात कुठेतरी भितो, कशाची तरी आशा धरतो. का, ते कधी विचारत नाही. या अख्ख्या इमारतीत ते विचारणारी एकच जागा आहे. मी तिथे बसलो, म्हणून सांगतो. खोली यंत्राला द्या. पण वर्ग बंद करू नका, मॅडम. मी यंत्रं बनवायला शिकलो, पण ती कशासाठी बनवतो हे मला त्या वर्गात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

पेइ-लानच्या डोळ्यांसमोरचं टेबल धूसर झालं.

फान मॅडमनी पाकीट उचललं, उलटंसुलटं करून बघितलं. "मुदत आहे ना याची?"

"आहे, मॅडम."

"हं." त्या भिंतीकडेच्या खुर्चीकडे वळल्या. "तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे. वाऱ्यानं हलते. चालेल का हो, बाई?"

"चालेल," पेइ-लान उठून उभी राहिली. "विचार करणाऱ्यांनी थोडं हललेलं बरं."

"एक वर्ष देते. पोरं वाढली तर पुढचं बघू." आणि पाकीट परत देताना त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मोठ्या माणसांना बसता येतं का तिथे?"

"येतं, मॅडम," शाओ-ची म्हणाला. "चित्र काढावं लागतं."

*

तिसऱ्या मजल्यावरची खोली खरोखरच हलत होती. खिडक्या खडखडायच्या, फळा कुरकुरायचा. वेइ-थिंगनं चार नवी पोरं ओढून आणली होती. बाक लावून सगळी घरी गेली. पेइ-लान टेबल पुसत होती. मोजणी संपली होती. आता शाओ-चीला इथे यायचं काही कारण नव्हतं, आणि दिवसभर तिला तेच एक टोचत होतं.

दार वाजलं. तो उभा होता. केस नेहमीसारखे विस्कटलेले. आत आला, काही न बोलता एक हिरवं पाकीट तिच्या टेबलावर ठेवलं आणि ते सरळ केलं.

"इथे यंत्र कुठाय?" पेइ-लाननं विचारलं.

"नाहीये."

"मग?"

"जे गमावून चालणार नाही... तिथे ठेवतात हे."

वाऱ्यानं खिडकी खडखडली. दोघांनीही तिकडे बघितलं नाही.

"मुदत बघा," तो म्हणाला.

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आहे."

"संपायच्या आत नवं ठेवायला मला यावं लागेल. मग त्याची संपायच्या आत पुन्हा. मग पुन्हा..." त्यानं खोल श्वास घेतला. "जन्मभर यावं लागेल, पेइ-लान. मला तू आवडतेस. फार आवडतेस."

पेइ-लाननं त्याच्याकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी धरून ते टर्रकन फोडलं.

"अगं! अगं, खायचं नसतं ते!"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोण थांबणार?" ती म्हणाली, आणि पहिला कुरकुरा तिनं त्याच्याच तोंडात घातला. "आता नवं घेऊन उद्याच ये."